चार्जर बोर्ड झोपलेला असताना बॅटरी कोण पितं?

चार्जर चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, तिच्या झोपेतल्या प्रवाहापुढे छापलेलं असतं २० मायक्रोअँपिअर. तुम्ही बॅटरी चार्जरचा इव्हॅल्युएशन बोर्ड टेबलावर मांडता, बॅटरी जोडता, चार्जिंगची वायर काढून घेता, मीटर लावता, आणि मीटर दाखवतो १.४८ मिलिअँपिअर. चौऱ्याहत्तर पट! पहिला विचार मनात येतो तो हाच की चिप खराब निघाली. दुसरा विचार, कंपनीने डेटाशीटमध्ये थापा मारल्यात. हे दोन्ही विचार बहुतेक वेळा चुकीचे असतात.

आधी हा फरक किती मोठा आहे ते पाहू. २००० मिलिअँपिअर-तासांची लिथियम-आयन बॅटरी घेतली आणि तिच्यातून सतत १.४८ मिलिअँपिअर जात राहिले, तर ती साधारण ५६ दिवसांत रिकामी होते. तीच बॅटरी २० मायक्रोअँपिअरवर कागदोपत्री ११ वर्षांहून जास्त टिकते. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी ती आतल्या आत उतरलेली असेल. म्हणजे २० मायक्रोअँपिअर हा असा प्रवाह आहे की त्याचा विचारही करायला नको, आणि दीड मिलिअँपिअर हा असा की गोदामात दोन महिने पडलेलं उपकरण ग्राहकाच्या हातात मेलेल्या अवस्थेत पोचेल.

मग चिप खरी की मीटर खरा? दोन्ही खरे. डेटाशीटमधला आकडा एकट्या चिपचा असतो, आणि मीटर मोजतो तो अख्ख्या बोर्डाचा प्रवाह. इव्हॅल्युएशन बोर्ड हा चिप बनवणाऱ्याने चिपची सगळी अंगं दाखवता यावीत म्हणून केलेला नमुना असतो. वीज आली हे कळावं म्हणून एक एलईडी, चार्जिंग चालू आहे हे कळावं म्हणून दुसरा, संगणकाशी बोलता यावं म्हणून कनेक्टर, त्या तारांना वर ओढून धरणारे पुल-अप रेझिस्टर, तापमानाच्या सेन्सरची जागा, निरनिराळ्या मांडण्या करून पाहता याव्यात म्हणून डझनभर जंपर, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या जोड-टोप्या. यातली प्रत्येक गोष्ट सोयीची आहे आणि यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बॅटरीतून थोडं थोडं पीत असते. बोर्ड बनवणाऱ्याने कमी प्रवाहाचं आश्वासन चिपसाठी दिलेलं असतं, बोर्डासाठी नाही.

डेटाशीटमधल्या त्या ओळीच्या शेजारी बारीक अक्षरात अटी लिहिलेल्या असतात, त्याही वाचाव्यात. इनपुट जोडलेलं नाही, बॅटरी अमुक व्होल्टची, तापमान २५ अंश, बॅटरी आणि सिस्टीम यांच्यामधला मॉसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) बंद, संवादाच्या तारा शांत. या अटींमधली एक जरी तुमच्या टेबलावर पाळली जात नसेल, तर तुम्ही वेगळीच गोष्ट मोजत आहात. ‘स्टँडबाय’ या एका शब्दाखाली चार-पाच निरनिराळ्या अवस्था खपवल्या जातात. बॅटरी पूर्ण भरली पण चार्जर लावलेलाच आहे ही एक. चार्जर काढला, उपकरण बंद, पण सिस्टीमची रेल, म्हणजे तिला वीज पुरवणारी वाट, जिवंत आहे ही दुसरी. उपकरण खोक्यात घालून पाठवताना बॅटरी जवळजवळ तोडूनच टाकायची, ज्याला शिप मोड म्हणतात, ती तिसरी. टीपी४०५६ ही छोट्या मोड्यूलवर सर्रास दिसणारी चिप घ्या. चार्जर काढल्यावर ती बॅटरीतून २ मायक्रोअँपिअरपेक्षा कमी घेते, असं तिच्या डेटाशीटमध्ये म्हटलेलं आहे. पण तिच्याच मोड्यूलवर बॅटरीच्या रक्षणासाठी डीडब्ल्यू०१ चिप असेल, तर तिचे साधारण ३ मायक्रोअँपिअर वेगळे. टीपी४०५६ खोटं बोलत नाही. तिने फक्त शेजारणीचा हिशेब दिलेला नाही.

आधी मीटरवर संशय घ्या

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मोजमापाच्या कामात फार वेळा खरी होते. बोर्ड उसवण्याआधी मीटर तपासा.

मल्टिमीटर प्रवाह मोजतो म्हणजे काय करतो? स्वतःच्या पोटातल्या एका छोट्या रेझिस्टरमधून, म्हणजे शंटमधून, तो प्रवाह जाऊ देतो आणि त्यावर पडणारं व्होल्टेज मोजतो. मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये हा शंट बऱ्याच मीटरमध्ये १०० ओहमच्या आसपास असतो. २० मायक्रोअँपिअर जात असताना त्यावर फक्त २ मिलिव्होल्ट पडतात, काही बिघडत नाही. पण बॅटरी जोडल्याच्या क्षणी बोर्डावरचे कपॅसिटर भरतात, चिप जागी होते, आणि काही मिलिसेकंद तिला २०-३० मिलिअँपिअर लागतात. १०० ओहमवर ३० मिलिअँपिअर म्हणजे ३ व्होल्ट मीटरच्याच पोटात गेले. चिपपर्यंत उरलं काय? व्होल्टेज कोसळलं म्हणून चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, पुन्हा प्रवाह मागते, पुन्हा कोसळते. हे चक्र चालू राहतं आणि तुम्हाला मीटरवर एक अस्थिर, भलामोठा आकडा दिसतो. बोर्डात दोष काहीच नाही.

यावर उपाय अगदी गावठी आहे आणि तो नेहमी चालतो. मीटरच्या दोन टोकांमध्ये एक साधी तार आडवी लावा. बॅटरी जोडा, बोर्डाला जागं होऊन पुन्हा झोपू द्या, मिनिटभर थांबा आणि मग ती तार काढा. आता प्रवाह मीटरमधून जाईल आणि तो खरा असेल. आपोआप रेंज बदलणारा मीटर असेल तर रेंज हाताने पक्की करा, कारण रेंज बदलताना क्षणभर सर्किट तुटतं आणि बोर्ड परत जागा होतो.

मीटर बॅटरीच्या धन वायरमध्ये लावा, ऋण वायरमध्ये नको. बोर्डाला संगणकाची यूएसबी केबल किंवा ऑसिलोस्कोपचा ग्राउंड जोडलेला असेल, तर ग्राउंडला दुसरी वाट मिळते आणि थोडा प्रवाह मीटरला चुकवून निघून जातो. ऑसिलोस्कोपचा एक-पट प्रोब म्हणजे १ मेगाओहमचा भार. ३.८ व्होल्टवर तो एकटा ३.८ मायक्रोअँपिअर घेतो. २० मध्ये हे चालून जाईल, पण शिप मोडचा एखादा मायक्रोअँपिअर मोजताना प्रोबच चिपपेक्षा जास्त पितो. मोजायला आलेलाच पंक्तीला बसला, अशी गत.

शेवटचं म्हणजे, मीटर सरासरी दाखवतो. दर सेकंदाला एकदा १ मिलिसेकंदासाठी १० मिलिअँपिअर घेणारी चिप मीटरवर १० मायक्रोअँपिअरची शांत चिप म्हणून दिसते. उलट, आकडा थोडा थोडा नाचत असेल तर समजावं की आत काहीतरी अधूनमधून जागं होतंय. हे नक्की काय आहे ते पाहायला बॅटरीच्या वाटेत १० ओहमचा रेझिस्टर टाकून त्यावर ऑसिलोस्कोप लावावा लागतो.

आकड्याला बोलतं करणं

मीटर निर्दोष ठरला आणि १.४८ मिलिअँपिअर कायम राहिले, असं समजू. इथे लोक सोल्डरिंग आयर्न गरम करतात आणि एकेक भाग काढायला लागतात. मला ही घाई पटत नाही. त्या आकड्यातच बरीच माहिती दडलेली असते, ती आधी काढून घ्यावी.

बॅटरी बाजूला ठेवा आणि तिच्या जागी बेंच पॉवर सप्लाय लावा. प्रवाहाची मर्यादा १०० मिलिअँपिअरवर ठेवा म्हणजे चूक झाली तरी धूर निघणार नाही. आता व्होल्टेज थोडं थोडं बदला आणि दर वेळी प्रवाह लिहून घ्या. चिप बंद पडेल इतकं खाली जायचं नाही. एका सेलच्या चार्जरसाठी ४.२ पासून ३.६ पर्यंत पुरतं. समजा, आकडे असे आले: ४.२ व्होल्टवर १.६६ मिलिअँपिअर, ४.० वर १.५७, ३.८ वर १.४८, ३.६ वर १.३९.

दर ०.२ व्होल्टला प्रवाह ०.०९ मिलिअँपिअरने उतरतोय, अगदी सरळ रेषेत. व्होल्टेजबरोबर सरळ रेषेत हलणारी वस्तू म्हणजे रेझिस्टर. ओहमचा नियम उलटा लावा: ०.२ व्होल्ट भागिले ०.०९ मिलिअँपिअर म्हणजे सुमारे २.२ किलोओहम. म्हणजे अजून बोर्डाला हातही लावलेला नाही आणि तुम्हाला ठाऊक झालं की बॅटरी आणि ग्राउंडच्या दरम्यान कुठेतरी २.२ किलोओहमचा एक रेझिस्टर काम करतोय. आता सर्किटची आकृती उघडा आणि २.२ किलोओहम शोधा. बोर्डावर असे दोन-तीनच निघतील आणि त्यांतला एक बहुधा लाल एलईडीच्या मागे बसलेला असेल.

नुसत्या २.२ किलोओहमवर ३.८ व्होल्ट असते तर प्रवाह १.७३ मिलिअँपिअर झाला असता, म्हणजे मोजलेल्यापेक्षा जास्त. तेव्हा त्या वाटेत काहीतरी ठरावीक व्होल्टेज खाणारं आहे. लाल एलईडी इतक्या प्रवाहाला साधारण १.८ व्होल्ट खाते. उरलेले २ व्होल्ट भागिले २.२ किलोओहम म्हणजे ०.९१ मिलिअँपिअर. मग १.४८ मधले बाकीचे ०.५७ मिलिअँपिअर? ते व्होल्टेज बदलल्यावर हललेले दिसत नाहीत, नाहीतर उतार वेगळा आला असता. न हलणारा प्रवाह म्हणजे त्याच्या मागे व्होल्टेज स्थिर ठेवणारी एखादी वस्तू आहे, बहुधा बोर्डावरचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर. म्हणजे चार ओळींच्या आकड्यांनी दोन आरोपी वेगळे करून दाखवले.

वस्तुवस्तूची चाल निराळी असते, म्हणून ही पद्धत मला आवडते. व्होल्टेज कमी केल्यावर प्रवाह उलट वाढत असेल, तर आत स्विचिंग कन्व्हर्टर, म्हणजे एका व्होल्टेजचं दुसरं व्होल्टेज करणारं सर्किट, चालू आहे. त्याला पलीकडे ठरावीक शक्ती पोचवायची असते, म्हणून ४.२ व्होल्टवर १० मिलिअँपिअर घेणारा ३.६ वर ११.७ घेतो. हे दिसलं की सरळ बघा, बॅटरीपासून ५ व्होल्ट तयार करणारा बूस्ट मोड चुकून चालू राहिलाय का. व्होल्टेज थोडं वाढवल्यावर प्रवाह एकदम उसळत असेल, तर डायोडवर, त्यातही टीव्हीएस डायोडवर (अचानक उसळलेलं व्होल्टेज शोषून घेणारा संरक्षक डायोड) नजर ठेवा. एसएमएजे५.०ए या सुपरिचित टीव्हीएसची ५ व्होल्टवरची गळती डेटाशीटप्रमाणे ८०० मायक्रोअँपिअरपर्यंत असू शकते. जास्त व्होल्टेजच्या टीव्हीएसमध्ये ती काही मायक्रोअँपिअरवर येते. ‘संरक्षण हवंच’ म्हणून कमी व्होल्टेजचा टीव्हीएस बॅटरीच्या वाटेवर बसवणाऱ्याला हे ठाऊक नसतं.

न उसवता शोध

आता आकृती आणि व्होल्टमीटर घेऊन बोर्डावर फिरायचं. प्रत्येक रेझिस्टर हा फुकटचा अँमीटर आहे. त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा, त्याच्या किमतीने भागा, त्यातून जाणारा प्रवाह मिळाला. काही तोडायचं नाही, काही काढायचं नाही. एलईडीच्या मागच्या २.२ किलोओहमवर २ व्होल्ट मिळाले की ०.९१ मिलिअँपिअर पक्का झाला. एलईडी मंद आहे, दिवसाउजेडी दिसत नाही, म्हणून ‘ती तर बंद आहे’ असं धरून चालू नका. आजकालच्या एलईडी इतक्या कमी प्रवाहातही मिणमिणत असतात, तळव्याची ओंजळ करून पाहावं लागतं. एलईडीसाठी बहुतेक बोर्डांवर जंपर दिलेला असतो. तो काढला की आपल्या उदाहरणातला आकडा ०.५७ वर येतो, आणि व्होल्टेज बदललं तरी तिथेच राहतो.

आता ते ०.५७. संवादाच्या दोन तारा, डेटा आणि क्लॉक, प्रत्येकी १० किलोओहमच्या पुल-अपने त्याच रेग्युलेटरच्या ३.३ व्होल्टला ओढलेल्या. सगळं शांत असताना या तारा वर असायला हव्यात, म्हणजे पुल-अपवर व्होल्टेज शून्य आणि प्रवाहही शून्य. मोजल्यावर तारांवर मिळाले ०.६ व्होल्ट. कोणीतरी त्यांना खाली ओढून धरलंय. कोण? संगणकाशी जोडणारा तो छोटा अडॅप्टर. त्याची यूएसबी तुम्ही काढून टाकली, म्हणून तो बंद झाला असं तुम्ही समजलात, पण त्याची पट्टी बोर्डाला अजून अडकलेलीच आहे.

इथे एक गंमत आहे, ती समजून घ्यायला हवी, कारण ती पुन्हा पुन्हा भेटते. जवळजवळ प्रत्येक चिपच्या प्रत्येक पिनवर आतून दोन संरक्षक डायोड असतात, एक ग्राउंडकडे, एक तिच्या स्वतःच्या वीजपुरवठ्याकडे. चिपला वीज मिळत असेल तर ते गप्प बसतात. पण चिपची वीज काढली आणि पिनवर बाहेरून व्होल्टेज आलं, की वरचा डायोड चालू होतो आणि बाहेरचा प्रवाह त्या चिपच्या वीजपुरवठ्यात शिरतो. मेलेली चिप पिनमधून जेवायला लागते. आपल्या अडॅप्टरमध्ये हेच चाललंय: प्रत्येक तारेवर ३.३ वजा ०.६ म्हणजे २.७ व्होल्ट, भागिले १० किलोओहम, ०.२७ मिलिअँपिअर, दोन तारांचे मिळून ०.५४. पट्टी उपटली की आकडा २७ मायक्रोअँपिअरवर उतरतो.

या २७ वर पुन्हा येईन. त्याआधी आपल्या उदाहरणात न भेटलेल्या, पण इतर बोर्डांवर हमखास भेटणाऱ्या काही वाटा.

उलटी वाट

चार्जर काढलेला आहे. आता इनपुटच्या टर्मिनलवर, जिथे चार्जरची वायर जोडायची तिथे, व्होल्टमीटर लावून पाहा. शून्य यायला हवं. तिथे तीन-सव्वातीन व्होल्ट दिसले, तर बॅटरीची वीज उलटी चालत इनपुटपर्यंत गेलीय.

हे कसं होतं? स्विचिंग चार्जरमध्ये इनपुट आणि कॉइल यांच्यामध्ये एक मॉसफेट असतो. मॉसफेटच्या रचनेतच एक डायोड असतो, त्याला बॉडी डायोड म्हणतात. मॉसफेट बंद असला तरी हा डायोड एका दिशेने वाहतोच. बॅटरीकडून कॉइलमधून, या डायोडमधून, इनपुटकडे अशी वाट उघडी राहते. बॅटरी ३.८ व्होल्टची आणि डायोडने ०.६ खाल्ले की इनपुटवर ३.२ येतात. मग तिथली ‘वीज आली’ दाखवणारी एलईडी, तिथला टीव्हीएस, तिथे लावलेला इतर कुठलाही भार बॅटरीवर पोसला जातो. हे होऊ नये म्हणून बहुतेक चार्जर चिप इनपुटला पाठीला पाठ लावून दुसरा मॉसफेट ठेवतात, म्हणजे दोघांचे डायोड एकमेकांच्या विरुद्ध तोंड करून बसतात. पण काही बोर्डांवर तो दुसरा मॉसफेट बाहेरचा आणि ऐच्छिक असतो, किंवा त्याला वळसा घालणारा जंपर लावून ठेवलेला असतो. चाचणी करताना कुणीतरी लावतो आणि विसरतो.

मॉसफेटऐवजी शॉट्की डायोड लावून उलटी वाट अडवलेली असेल तर आणखी एक अडचण. शॉट्कीमध्ये पुढच्या दिशेने व्होल्टेज कमी पडतं म्हणून तो लाडका, पण उलट्या दिशेने तो चांगलाच गळतो. १एन५८१९ ची उलटी गळती २५ अंशांना पूर्ण ४० व्होल्टवर १ मिलिअँपिअरपर्यंत आणि १०० अंशांना १० मिलिअँपिअरपर्यंत असू शकते. बॅटरीच्या चार व्होल्टवर ती बरीच कमी असते, पण तापलेल्या खोक्यात ती मायक्रोअँपिअरचा हिशेब बिघडवायला पुरेशी आहे.

दुसरी उघडी वाट सिस्टीमच्या टर्मिनलची. पॉवर-पाथ पद्धतीच्या चार्जरमध्ये चार्जर काढला की बॅटरी एका मॉसफेटमधून सिस्टीमला जोडली जाते. हेच तर त्याचं काम आहे! चिप स्वतः झोपली तरी सिस्टीमची रेल जिवंत राहते, आणि तिथे लावलेला प्रत्येक भार बॅटरीतून घेत राहतो. मला वाटतं ‘स्टँडबाय प्रवाह जास्त’ या तक्रारीमागे सगळ्यात जास्त वेळा हीच गोष्ट असावी, कारण ती डोळ्यांसमोर असते आणि म्हणूनच दिसत नाही. सिस्टीमच्या टर्मिनलवरून सगळं काढून पुन्हा मोजा.

चिपला झोपायला सांगितलंय का?

रजिस्टर असलेल्या, म्हणजे संवादातून मांडणी बदलता येणाऱ्या चिपना झोपायला सांगावं लागतं. आतला एडीसी, म्हणजे व्होल्टेज मोजून त्याचा आकडा करणारा भाग, सतत मोजत राहण्याच्या मांडणीत असेल तर तेवढ्याने शेकडो मायक्रोअँपिअर जाऊ शकतात. बूस्ट मोडचं वर आलंच.

यात एक खोडी आहे. अशा अनेक चिपमध्ये वॉचडॉग नावाचा पहारेकरी असतो. काही काळ, पुष्कळ चिपमध्ये मुळात ४० सेकंद, संगणकाकडून काही निरोप आला नाही तर तो समजतो की मालक बेशुद्ध पडलाय आणि बऱ्याचशा मांडण्या मूळ स्थितीला नेऊन ठेवतो. तुम्ही एखादा बिट बदलता, प्रवाह घसरतो, तुम्ही खूश होऊन अडॅप्टर काढता, पाऊण मिनिटाने प्रवाह परत वर. तुम्ही शपथेवर सांगता की बिट लिहिला होता, आणि तो लिहिलेला होताच. आधी वॉचडॉग बंद करा, मग बाकीचं लिहा.

शिप मोडही असाच नाजूक. त्यात गेल्यावर बॅटरीचा मॉसफेट बंद होतो, पण चार्जर लावला किंवा बटणाच्या पिनला ग्राउंड दिसला की चिप त्यातून बाहेर येते. बटणाची ती पिन बोर्डावर कशाला जोडलीय ते पाहून ठेवा. अशी कुठलीही इनपुट पिन अधांतरी सोडलेली असेल तर तेही वाईट. सीमॉसच्या, म्हणजे आजच्या बहुतेक चिप ज्या पद्धतीने बनतात त्या पद्धतीच्या चिपच्या, पिनवर धड वर नाही, धड खाली नाही असं व्होल्टेज तरंगत राहिलं, तर आतले वरचा आणि खालचा असे दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धे अर्धे उघडतात आणि त्यांच्यातून सरळ प्रवाह वाहतो. बोर्डाजवळ हात नेल्यावर मीटरवरचा आकडा बदलत असेल तर अधांतरी पिन शोधा.

गळती, खरोखरची

एवढं करूनही काही दहा-वीस मायक्रोअँपिअर उरले तर मग खऱ्या गळतीकडे वळा. अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची मान्य गळती बऱ्याचदा ०.०१ गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज अशी दिलेली असते. ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर या हिशेबाने ७५ मायक्रोअँपिअरपर्यंत गळू शकतो आणि तरीही उत्तीर्ण ठरतो. बराच काळ पडून राहिलेला असेल तर सुरुवातीला जास्त गळतो आणि व्होल्टेज लावून ठेवल्यावर हळूहळू सुधारतो. म्हणून जोडल्या जोडल्या घेतलेला आकडा आणि अर्ध्या तासाने घेतलेला आकडा दोन्ही लिहून ठेवावेत. सिरॅमिक कपॅसिटर सहसा गळत नाहीत, पण बोर्ड वाकवल्याने त्यांना केसाएवढी चीर गेली की गळतात, आणि ही चीर डोळ्यांना दिसत नाही.

तुम्ही स्वतः सोल्डरिंग केलं असेल तर फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून वापरलेल्या रसायनाचा, चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. दमट हवेत तो थर मेगाओहमचा रेझिस्टर होऊन बसतो. हेअर ड्रायरची कोमट हवा एकेका भागावर सोडून पाहणं ही इथली सोपी चाचणी. डायोड आणि ट्रान्झिस्टर तापले की गळती भराभर वाढते, ढोबळ हिशेबाने दर १० अंशांना दुप्पट. फ्लक्सचा ओलावा मात्र तापल्यावर वाळतो, म्हणजे आकडा उलट खाली येतो. साध्या रेझिस्टरला काहीच फरक पडत नाही. बोटाने चाचपून गरम भाग शोधायचा नाद मात्र इथे सोडा. दीड मिलिअँपिअर गुणिले ३.८ व्होल्ट म्हणजे साडेपाच-सहा मिलिवॅट. तेवढ्याने बोटाला काही कळत नाही.

आता ते २७ मायक्रोअँपिअर. डेटाशीट २० म्हणते, ७ जास्त आहेत. इथे पुष्कळजण ‘चालतंय’ म्हणून थांबतात. पण तीच पद्धत पुन्हा लावता येते. ४.२ व्होल्टवर मीटर दाखवतो २७.८, ३.६ वर २६.७. फरक ०.६ व्होल्टला १.१ मायक्रोअँपिअर, म्हणजे सुमारे ५४५ किलोओहम. आकृतीत बॅटरीचं व्होल्टेज मोजायला लावलेले दोन रेझिस्टर सापडतात, २७० आणि २७० किलोओहम, एकामागे एक, ग्राउंडपर्यंत. मिळून ५४०. ३.८ भागिले ५४० किलोओहम म्हणजे ७ मायक्रोअँपिअर. २० आणि ७, सत्तावीस. वहीत ओळ लिहा, एलईडीचा जंपर परत बसवा, आणि आकडा ०.९१ मिलिअँपिअरने पुन्हा वर गेला का तेही पाहून घ्या.